लॅपटॉपची खरेदी : हौस आणि हिशेब

वस्तु विकत घेणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकास वस्तूविषयीं फारसें ज्ञान नसतें, म्हणून तो दुकानदारावर विसंबतो. दुसऱ्यास ज्ञान पुष्कळ असतें, म्हणून तो कोणावरच विसंबत नाहीं. फसण्याचा संभव पहिल्यास अधिक, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु लॅपटॉपसारख्या यंत्राच्या बाबतींत दुसराही अनेकदां चुकतो, आणि त्याची चूक लवकर उघडकीस येत नाहीं. कारण आपल्या चुकीचें समर्थन त्यास आंकड्यांनीं करतां येतें.

बरोबर नेतां येईल असा संगणक ही गोष्ट फार जुनी नाहीं. १९८१ सालीं अमेरिकेंत विक्रीस आलेला ऑस्बोर्न-१ हा प्रवासी संगणक म्हणून नांवाजला गेला. त्याचें वजन सुमारें ११ किलो होतें, पडदा अवघा ५ इंचांचा होता, आणि विजेच्या प्लगापासून दूर तो चालत नसे. पुढच्याच वर्षीं ग्रिड कंपास हें यंत्र आलें. त्याचा पडदा वहीच्या पुठ्ठ्यासारखा कळफलकावर मिटत असे. बिल मॉग्रिज या रचनाकारानें त्यास दिलेला तो आकार आजही कायम आहे. तेव्हांपासून बदलत गेलें तें मुख्यतः आंतलें. दुकानांत मांडलेलीं पन्नास यंत्रें म्हणूनच बाहेरून सारखीं दिसतात, आणि त्यांतील भेद शोधण्यास ग्राहक आंकड्यांकडे वळतो.

गिरगांवांत राहणारे आणि अंधेरीच्या एका कचेरींत नोकरी करणारे एक गृहस्थ अशा हौशी मंडळींपैकीं होते. त्यांचा जुना लॅपटॉप २०१६ सालचा. तो बंद पडला नव्हता. पण त्यावरील विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं घातलेल्या अटींत तें जुनें यंत्र बसत नव्हतें. नवें घेणें भाग होतें. घरांत एकच यंत्र घेण्याची ऐपत होती, आणि वर्षभरानें मुलगी महाविद्यालयांत गेली म्हणजे तिलाही तेंच वापरावयाचें होतें. निवड चुकली तर पांच-सहा वर्षें ती दोघांनाही भोगावी लागणार होती.

गृहस्थांनीं वही केली. तींत सोळा यंत्रें आणि बावीस रकाने भरले. त्यांचें ज्ञान खोटें नव्हतें. प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी काम करतांना तो तापतो, आणि उष्णता बाहेर टाकण्यास पेटींत पुरेशी जागा नसली तर तो आपला वेग आपणच कमी करतो; म्हणून एकच प्रोसेसर दोन निरनिराळ्या पेट्यांत निरनिराळें काम देतो, हें त्यांस ठाऊक होतें. ५१२ गिगाबाइटची साठवण विंडोजमध्यें सुमारें ४७६ च दिसते, यांत फसवणूक नाहीं, कारखानदार हजाराच्या पटीनें मोजतो व विंडोज १०२४ च्या पटीनें मोजतें, एवढाच भेद आहे, हेंही ते जाणत होते. जाहिरातींत बॅटरीचे तास सांगितलेले असतात. गृहस्थ मात्र वॅट-तास पाहत. यंत्र १० वॅट खात असेल तर ५० वॅट-तासांची बॅटरी ५ तास पुरते. तेंच २५ वॅट खाऊं लागलें कीं ती २ तासांत संपते. हा हिशेब ते शेजाऱ्यांनाही समजावून देत.

एवढें असून त्यांचें मन बसलें तें खेळांसाठीं बनविलेल्या एका दांडग्या यंत्रावर. त्याचें वजन २ किलो ४०० ग्रॅम, आणि शिवाय अर्ध्या किलोहून जड चार्जर. परंतु वहींतील बहुतेक रकान्यांत त्याचा पहिला क्रमांक होता.

वही घेऊन ते लॅमिंग्टन रोडवर गेले. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें नांव मिळालेला ग्रँट रोड स्टेशनाजवळचा हा रस्ता विद्युत् उपकरणांच्या व संगणकांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. एका लहान दुकानांतील वयस्क दुकानदारानें वही शांतपणें चाळली आणि विचारलें, “साहेब, अभ्यास उत्तम आहे. पण यावर काम काय करणार?”

“कामें अनेक आहेत,” गृहस्थ म्हणाले.

“मग तींच आधीं सांगा. यंत्र काय, मागाहून ठरवूं.”

गृहस्थांस चटकन् उत्तर देतां येईना. वहींत बावीस रकाने होते. कामाचा रकाना त्यांत नव्हता.

ते त्या दिवशीं कांहीं न घेतां परतले आणि रात्रीं त्यांनीं नवी यादी केली. एका मराठी मासिकाचीं मुद्रितें तपासणें, रोज दोन तास, घरचा हिशेब, सुटींत काढलेलीं छायाचित्रें. यांपैकीं एकाही कामास खेळांच्या यंत्रांतील शक्तीची गरज नव्हती. यंत्र रोज चर्नी रोडहून अंधेरीपर्यंत लोकलनें न्यावें लागणार होतें, तेव्हां खांद्यावरचा प्रत्येक शंभर ग्रॅम मोजण्याजोगा होता. मुलीस विचारलें तेव्हां ती एवढेंच म्हणाली, “बाबा, डोळे न ताणतां वाचतां आलें म्हणजे मला पुरे.” म्हणजे पडद्याचा उजळपणा वेगाच्या आधीं पाहावयास हवा होता. हा उजळपणा निट या मापानें मोजतात. २५० निटांचा पडदा भर दिवसा खिडकीशीं बसल्यावर फिका वाटतो.

मुद्रितांच्या कामानें आणखी एक गोष्ट ध्यानांत आणून दिली. गृहस्थ इन्स्क्रिप्ट पद्धतीनें मराठी लिहीत. या पद्धतींत स्वर डाव्या हातास व बहुतेक व्यंजनें उजव्या हातास येतात; च, ट, ड हीं अक्षरें तर इंग्रजी विरामचिन्हांच्या व कंसांच्या कळांवर, उजव्या कडेस आहेत. जागा वाचविण्यासाठीं कांहीं लॅपटॉपांत नेमक्या याच कळा अरुंद करतात. इंग्रजी लिहिणारास त्याचें फारसें वाटत नाहीं. मराठी लिहिणाराचें बोट मात्र ओळीओळीस अडखळतें. ही अडचण कोणत्याही कोष्टकांत छापलेली नसते. ती दुकानांत उभें राहून, चार ओळी लिहून पाहिल्यानेंच कळते.

दुसऱ्या खेपेस गृहस्थांनीं वही घरीं ठेविली. त्यांनीं प्रत्येक यंत्रावर एक परिच्छेद लिहिला, पडदा दारापाशीं नेऊन पाहिला, आणि दुकानदारास विचारलें कीं याचें तळ उघडतें काय. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुष्कळ पातळ यंत्रांत रॅम मुख्य पाटीस डाख देऊन जोडलेली असते. ती मागाहून वाढवितां येत नाहीं, म्हणून लागेल तेवढी आरंभींच घ्यावी लागते. लिथियम-आयन बॅटरी कांहींशें वेळां भरून रिकामी झाली कीं तिची धारणशक्ति कमी होतेच. ही झीज स्वाभाविक आहे. पण बॅटरी सहज बदलतां येत असेल तर यंत्राचें आयुष्य वाढतें. ग्राहकाला बहुतेक भाग स्वतः बदलतां यावेत अशा बेतानें अमेरिकेंतील फ्रेमवर्क कंपनीनें २०२१ सालीं आपला लॅपटॉप बाजारांत आणला, यावरून या प्रश्नाचें महत्त्व लक्षांत यावें.

अखेरीस घेतलेलें यंत्र १४ इंची पडद्याचें, १६ गिगाबाइट रॅमचें आणि १ किलो ४०० ग्रॅम वजनाचें होतें. पहिल्या वहींत तें नववें होतें. वांचलेल्या पैशांतून थोडे खर्चून गृहस्थांनीं जुन्या यंत्रांतील फिरत्या तबकडीची डिस्क काढली, तेथें एसएसडी बसविली आणि लिनक्स घातलें. आतां रविवारीं तेंच उघडून ते आंतील पंखा साफ करतात, आणि मुलगी शेजारीं बसून कोणता भाग कशाचा तें विचारते.

हौस वाईट नाहीं. यंत्र ओळखावयास तीच शिकविते. मात्र घरासाठीं यंत्र निवडतांना पहिला रकाना कामाचा असावा, आणि तो घरांत ज्यांस तें वापरावयाचें त्या सर्वांस विचारून भरावा. बाकीच्या रकान्यांतले कोणते आंकडे पाहावयाचे व कोणते सोडावयाचे, तें मग आपोआप ठरतें.