वकिलीचें शिक्षण आणि त्याचें मोल



कायद्याचे खासगी वर्ग ही आजकालची नवी टूम आहे अशी कित्येकांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. वकिलीच्या परीक्षांस बसणाऱ्या विद्यार्थ्यांकरितां लोकमान्य टिळकांनीं पुण्यांत लॉ क्लास चालविला होता, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. तेव्हां शिकविण्याबद्दल पैसे घेणें ह्यांत कमीपणा नाहीं. ज्यानें सारा जन्म मास्तरकी करून पगार घेतला, तो तसें म्हणणार तरी कसा! प्रश्न एवढाच, कीं घेतलेल्या पैशांच्या मोबदल्यांत काय दिलें जातें, आणि जें दिलें जातें त्याचे पैसे पालकानें पूर्वींच एकदां भरलेले नाहींत ना?

हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणें कायद्याच्या प्रत्येक कॉलेजांत चार व्यावहारिक विषय सक्तीचे आहेत: दावे, अर्ज व दस्तऐवज यांचें लेखन, व्यवसायाची नीति व हिशेब, लवाद-तडजोडीसारखे कोर्टाबाहेरचे मार्ग, आणि अभिरूप न्यायालय. ह्या चौथ्या विषयांत विद्यार्थ्यानें खऱ्या कोर्टांत बसून एक दिवाणी व एक फौजदारी खटला पाहावयाचा, त्याची टिपणें ठेवावयाचीं, आणि वकिलाच्या कचेरींत अशिलाला बोलतें कसें करतात तेंहि पाहावयाचें असतें. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांत निदान बारा आठवडे व पांच वर्षांच्या अभ्यासक्रमांत वीस आठवडे प्रत्यक्ष उमेदवारी करावयाची. नियम वाचला म्हणजे मन प्रसन्न होतें.

प्रत्यक्षांत काय होतें? माझी एक जुनी विद्यार्थिनी, एस.टी.च्या कंडक्टरची मुलगी, दोन वर्षांपूर्वीं कायद्याची पदवी घेऊन एका वकिलांकडे काम करूं लागली. पहिल्याच आठवड्यांत तिला तहकुबीचा साधा अर्ज लिहावयास सांगितला. तो तिला लिहितां येईना. वास्तविक लेखनाच्या विषयांत तिला शंभरांपैकीं बहात्तर गुण होते! चौकशी करतां कळलें, कीं कॉलेजांत आदल्या वर्षाच्या मुलांचीं जर्नलें उतरवून काढण्याचा प्रघात होता, आणि खटले पाहण्याचीं टिपणेंहि कोर्टाची पायरी न चढतां तयार होत. मग तिनें एका ऑनलाइन वर्गाचे वीस हजार रुपये भरले. तेथें तिला मिळालीं ती कांहीं भाषणें आणि छापील नमुने. लिहिलेला मसुदा कोणी तपासून देत नसे. म्हणजे एकाच विषयाचे पैसे बापानें दोनदां भरले आणि शिकणें तिसऱ्याच ठिकाणीं, त्या वकिलांच्या टेबलाशीं, फुकट झालें. वर्गवाल्यापेक्षां माझा राग कॉलेजावर अधिक आहे. कॉलेजानें आपलें काम केलें असतें तर वर्गवाल्याला गिऱ्हाईकच मिळालें नसतें.

ज्याच्या घरीं काका किंवा बाप वकील, त्याला हें सारें जेवतां-बोलतां मिळतें. ज्याला तें नाहीं त्यानें मुंबईस खोली घेऊन बिनपगारी उमेदवारी करावी तर बारा आठवड्यांचा खर्च कोणीं सोसावा? ऑक्टोबर २०२४ मध्यें बार कौन्सिलनें नव्या वकिलांस शहरांत दरमहा वीस हजार व ग्रामीण भागांत पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावें असें सुचविलें. पण ती सूचना आहे, सक्ति नव्हे, आणि तीहि पदवी मिळाल्यानंतरची.

पदवीनंतर सर्वांस सारखें शिक्षण मिळावें असा प्रयत्न झाला नाहीं असें नाहीं. १९६१ च्या वकिलांच्या कायद्यांत प्रारंभीं अशा शिक्षणाची व परीक्षेची अट होती; १९७३ च्या दुरुस्तीनें ती गेली. १९९५ सालीं बार कौन्सिलनें वर्षभराच्या उमेदवारीचा नियम केला, तो सर्वोच्च न्यायालयानें १९९९ मध्यें, कौन्सिलला तसा अधिकारच नाहीं म्हणून, रद्द ठरविला. पुढें २०११ पासून अखिल भारतीय परीक्षा सुरू झाली, आणि २०२३ मध्यें घटनापीठानें ती वैध ठरविली. ह्या परीक्षेंत शंभर पर्यायी प्रश्न असतात, कायद्याचीं टीपाविरहित पुस्तकें जवळ ठेवतां येतात, आणि सर्वसाधारण उमेदवारास पंचेचाळीस टक्के गुण पुरतात. तीन वा पांच वर्षें कायदा शिकलेल्या मनुष्यास एवढ्याकरितां हजारों रुपयांचा वर्ग लावावा लागत असेल, तर त्या पदवीचें मोल काय तें आपणच ठरवावें.

सनदेच्या शुल्काची कथा ह्याहून मासलेवाईक आहे. कायद्यांत शुल्क साडेसातशें रुपये, आणि अनुसूचित जाति-जमातींच्या उमेदवारांस सव्वाशें. तरीहि निरनिराळ्या नांवांखालीं राज्यांच्या कौन्सिलांनीं पंधरा हजारांपासून बेचाळीस हजारांपर्यंत रकमा घेतल्या. कायदा शिकलेल्या तरुणाकडून पहिल्याच पायरीवर कायद्याबाहेरची वसुली! ३० जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती थांबविली; मात्र पूर्वीं घेतलेले पैसे परत करण्याचें बंधन घातलें नाहीं.

वर्गांच्या जाहिरातींवरहि आतां कांहींसा लगाम आला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें मार्गदर्शक नियम काढले. उत्तीर्ण झालेल्या मुलाचें छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवांचून छापतां येत नाहीं, आणि त्यानें कोणता अभ्यासक्रम किती दिवस केला होता तें सांगावें लागतें. पूर्वीं फक्त मुलाखतीची दोन तास तयारी करून घेतलेला मुलगाहि फलकावर “आमचा विद्यार्थी” म्हणून झळकत असे. “जागा थोड्याच उरल्या” अशी खोटी घाई करण्यासहि आतां मनाई आहे.

तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं आपल्या मुलास किंवा मुलीस घेऊन बसावें आणि त्या संस्थेस लेखी विचारावें: आठवड्यास किती मसुदे लिहवून घ्याल? ते तपासणार कोण, आणि तो मनुष्य कोर्टांत उभा राहतो काय? मध्येंच सोडल्यास किती पैसे परत? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व तिच्या जोडीचे दोन नवे कायदे अंमलांत आले. टिपणें त्याप्रमाणें नवीं केलीं आहेत, कीं जुन्या दंडसंहितेचींच आहेत? केवळ कायद्याचीं कलमें पुरविण्याबद्दल कोणी पैसे मागत असेल तर देऊं नयेत. तीं सरकारच्या इंडिया कोड ह्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडेहि तसेच मिळतात. उत्तर तोंडी मिळालें तर तें कागदावर मागावें, पावती जपून ठेवावी, आणि फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक १९१५ आहे.