गेलेले पैसे काढायचा नाद
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेले भाषण)



दिंडीचा शंभर वर्षांचा इतिहास सांगायला इथे अधिकारी माणसे बसली आहेत. मला मात्र चालकांनी वेगळा विषय दिला आहे. जुगार.

आनंदाच्या सोहळ्यात हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण फलटण, लोणंद, कराड, विटा, तासगाव, मिरज, कुठलेही गाव घ्या. आमच्या गावात हा नाद नाही, असे छातीवर हात ठेवून किती जण सांगतील? आणि माळकऱ्याच्या घरात तो शिरत नाही, हा तर निव्वळ भ्रम आहे, बरं का.

महाभारतातले सभापर्व आपण सप्ताहात ऐकतो. धर्मराजाइतका सत्यवचनी माणूस कोण होता? तरी तो खेळायला बसला. राज्य गेले, भाऊ गेले, स्वतःला लावले, शेवटी द्रौपदीला लावले. इथपर्यंत सर्वांना पाठ असते. पण पुढचे नीट बघा. द्रौपदीमुळे धृतराष्ट्राने सगळे परत दिले. पांडव घरच्या वाटेला लागले. तेवढ्यात पुन्हा बोलावणे आले आणि धर्मराज पुन्हा जाऊन बसला. बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास मिळाला तो या दुसऱ्या खेळात. एकदा सुटलेला माणूस परत का जातो, हेच या रोगाचे मूळ आहे.

त्याहून जुने सांगतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात चौतिसावे सूक्त जुगाऱ्याचे आहे. बायको दूर झाली, सासू तोंड बघत नाही, उसने कोणी देत नाही, तरी फाशांचा आवाज आला की पाय तिकडेच वळतात, असे तो रडून सांगतो. त्याला उपदेश काय मिळतो? फासे सोड, आपले शेत कर. हजारो वर्षांत दुखणे बदलले नाही आणि औषधही फारसे बदलले नाही.

आता आपल्याकडचे बघू. मुंबईत न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या भावाच्या आकड्यांवर पैसे लावत. ते १९६१ च्या सुमारास थांबले. मग चिठ्ठ्या मातीच्या मडक्यात टाकून आकडा काढू लागले, म्हणून नाव पडले मटका. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे त्यातूनच पुढे आली. मुंबईचा हा आकडा आपल्या बाजारपेठेतल्या टपरीपर्यंत पोहोचला.

त्याचा हिशेब सोपा आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे. लागला तर साधारण नऊपट मिळतात. समजा दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले. शंभर गेले. एक आकडा लागणारच, त्याचे नव्वद आले. म्हणजे सगळे जिंकूनसुद्धा दहा रुपये चालवणाऱ्याच्या खिशात! रोज खेळणाऱ्याचे काय होणार, ते सांगायला ज्योतिषी नको. कोणी स्वप्नातला आकडा लावतो, कोणी बुवाला विचारतो, कोणी पांडुरंगालाच साकडे घालतो. ज्याला आकडा खरोखर ठाऊक असेल, तो तुम्हाला दक्षिणा कशाला मागेल?

मटक्याला निदान अड्ड्यावर जावे लागायचे. लोक बघतील ही लाज होती. आता अड्डा खिशात आला. पोरगं रात्री पांघरुणात रमी खेळते, सामन्याच्या प्रत्येक चेंडूवर पैसे लावते. आधी थोडे जिंकू देतात, बोनस देतात, मग ओढतात. उसाचे बिल, बेदाण्याचे पैसे, दुधाचा पगार मोबाईलवरून कधी गेला, घरात पत्ता नसतो.

कायदा आहे. १८८७ पासून आपल्याकडे जुगार प्रतिबंधक कायदा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्या कायद्यात शिक्षा नाही, म्हणून मदत मागायला घाबरू नका. पण बंदी आली म्हणजे नाद गेला असे नाही. चोरून लिंक येतातच.

कोणी म्हणतात, महाराज, बेताने खेळले तर काय बिघडते? सरकारची लॉटरीसुद्धा आहे. खरे आहे, महाराष्ट्राची लॉटरी १९६९ पासून कायद्याने चालते. माळकऱ्याला मी पैशाचा कुठलाच खेळ नको असेच सांगेन. पण गावात सगळे माळकरी नाहीत. जो तिकीट घेतो त्याने निदान इतके पाळावे. गेले तरी चालतील एवढेच पैसे लावावेत. उसने घेऊन लावू नयेत. घरच्यांपासून लपवू नये. आणि गेलेले काढायला पुन्हा बसू नये. यातले एक जरी मोडले, तर बेत संपला, रोग सुरू झाला असे समजा.

रोग हा शब्द मी मुद्दाम वापरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत जुगाराचे व्यसन नोंदलेले आहे. दारूसारखेच हेही व्यसन, फक्त तोंडाला वास येत नाही. म्हणून खुणा ओळखा. फोन लपवणे, रात्रभर जागणे, चिडचिड, दर चार दिवसांनी नवे कारण सांगून उसनवारी, घरातला दागिना गहाण.

असे दिसले तर काय करायचे? पहिली गोष्ट, चावडीवर आणून पाणउतारा करू नका. एकट्याला शांतपणे विचारा. दुसरी, घाईने सगळे कर्ज भागवू नका. हातात मोकळे पैसे आले की माणूस परत तिकडेच जातो. आधी कोणाचे किती, याची वहीत यादी करा. पैशाचा व्यवहार काही काळ कारभारणीकडे किंवा आईकडे द्या, एटीएम कार्डही त्यांच्याकडेच ठेवा. बँकेत जाऊन मोबाईलवरून पैसे जाण्याची मर्यादा कमी करून घ्या. बिगरपरवाना सावकार छळत असेल तर २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. सहकार खात्याच्या निबंधकाकडे आणि पोलिसांकडे तक्रार करता येते. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० ला फोन करा.

तिसरी, डॉक्टर. साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचाराची चौकशी करा. साताऱ्यात परिवर्तन संस्था, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण, व्यसनमुक्तीचे काम करतात. जाण्याआधी फोन करून जुगारावर उपचार होतात का, ते विचारा. आणि एक नंबर आत्ताच लिहून घ्या, १४४१६. सरकारची टेलिमानस सेवा आहे. फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येते.

कर्जात बुडालेला माणूस "आता जगून काय करू" म्हणाला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, जीव द्यायचे मनात येते का? विचारल्याने ते मनात भरत नाही, उलट ओझे उतरते. त्याला एकटे सोडू नका. औषधाची बाटली, फवारणीची भुकटी घरातून हलवा. १४४१६ लावा किंवा दवाखान्यात न्या, धोका समोरच दिसत असेल तर ११२ लावा. जमीन परत घेता येईल, माणूस परत येत नाही.

अमेरिकेत १९५७ मध्ये जुगार सोडू पाहणाऱ्यांनी एक मंडळ सुरू केले. एकत्र बसायचे, आपली कहाणी सांगायची, आजचा दिवस न खेळता काढायचा. आज ते अनेक देशांत पसरले आहे. मायबाप, एकत्र चालणे, एकमेकांना सांभाळणे हे आपण शंभर वर्षे करतो आहोत. मग आपल्याला हे जड का जावे?

म्हणून या सोहळ्यात दिंडीकडे तीन गोष्टी मागतो. मुक्कामी तंबूत पैसे लावून पत्त्यांचा डाव नको, गंमत म्हणूनसुद्धा नको. प्रत्येक गावातून दोन जाणती माणसे आणि एक माउली अशी तिघे नेमा. त्यांच्यापाशी बोललेले बाहेर जाणार नाही, हा शब्द द्या. आणि ज्याने लाजेने माळ काढून ठेवली, त्याच्या दारी जा. नुसत्या शपथेवर भागत नाही, तो एखाद्या वेळी पुन्हा घसरेल. तरी त्याला दिंडीतून काढू नका. चालता चालता कोणाचा पाय मुरगळला तर आपण त्याला रस्त्यात टाकून पुढे जात नाही, खांद्याचा आधार देतो. तेवढाच आधार यालाही द्या.

रामकृष्ण हरी!