धावदोरा

श्रोतेहो, क्वीन बँडची गाणी तुमच्यापैकी अनेकांना पाठ आहेत. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हेही तुम्ही कौतुकाने सांगता. पण जॉन डीकन कोण, असं विचारलं की सगळे गप्प! डीकन त्याच बँडचा बेसवादक. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आजीची गोधडी आठवा. आपलं लक्ष वरच्या लुगड्याच्या रंगांवर असतं, ऊब खालच्या थरांची असते. दोन्हींना धरून ठेवतो तो धावदोरा. रॉकमध्ये खाली ड्रम, वर गिटार आणि गळा, आणि या सगळ्यांतून धावणारा बेस. तो उसवला की गाण्याच्या चिंध्या होतात.

१९७१ साली डीकन क्वीनमध्ये आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शिकत होता इलेक्ट्रॉनिक्स. कचऱ्यात सापडलेल्या सर्किटपासून त्याने एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर केला. बँडचा गिटारवादक ब्रायन मे त्यावर गिटार वाजवून गाण्यांत ध्वनिमुद्रित करत असे. असा हा हातचं काही वाया न घालवणारा माणूस. बेसवरही तसाच. १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' त्याने लिहिलं, ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यात ऐका: खालचा एकच सूर तीनदा, आणि मग चक्क थांबणं. टाका कापडाखाली जातो, दिसत नाही, पुन्हा वर येतो. ती थांबलेली जागासुद्धा टाक्यातलीच!

आणि तुम्ही हे ऐकता कशावर? मोबाईलवर! बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. एवढा खोल सूर त्या नखाएवढ्या स्पीकरला झेपत नाही. धावदोरा काढून घेतलेली गोधडी पांघरता तुम्ही, आणि म्हणता गाणं छान आहे. निदान हेडफोन तरी लावा. पुन्हा सांगतो, हेडफोन लावा.

१९९१ मध्ये फ्रेडी गेला. डीकन त्यानंतर थोडं वाजवत राहिला, पण १९९७ नंतर तो रंगमंचावरून बाजूलाच झाला. २००१ मध्ये बँडला अमेरिकेत हॉल ऑफ फेमचा मान मिळाला तेव्हा उरलेले दोघे गेले, हा गेला नाही. लोक याला विक्षिप्तपणा म्हणतात. मला तसं वाटत नाही. वरचं कापडच गेल्यावर दोरा घालायचा कशात?

१९८५ च्या वेम्ब्लीवरच्या क्वीनच्या मैफलीबद्दल बोलायचं होतं, तिथे त्याची बोटं... पण काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे. तेवढं क्वीनचं 'अंडर प्रेशर' आज रात्री लावा. गायकाने तोंड उघडण्याआधीच बेस आलेला असतो.