न दिसणाऱ्या किरणांपासून सेवकांचे रक्षण

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत श्वसनरोग विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा सारांश)



दरवर्षी या व्यासपीठावरून आपण रुग्णांच्या सुरक्षिततेविषयी बोलतो. आज रुग्णाच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या माणसांविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती असावी.

अमरावती आणि अकोला हा आपला कापसाचा मुलूख. जिनिंगमधील धूळ, विडी-तंबाखूचे व्यसन आणि क्षयरोग यांमुळे फुप्फुसांचे विकार आपल्याला नवे नाहीत. छातीत डाग दिसला, की तो क्षयाचा की कर्करोगाचा, हे ठरविण्यासाठी तुकडा काढावा लागतो. कधी श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, तर कधी छातीतून सुई घालून तो काढतात. डाग खोलवर असेल, तर सी-आर्म यंत्राच्या पडद्यावर क्ष-किरणांची हलती प्रतिमा पाहतच चिमटा पुढे सरकवावा लागतो. ती काही मिनिटे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यंत्राजवळच उभे असतात.

रुग्णाच्या वाट्याला हे एखाद्या वेळी येते आणि त्यातून होणारा लाभ त्याचाच असतो. परिचारिकेच्या वाट्याला मात्र ते वर्षानुवर्षे येते. हा फरक आपण ध्यानात घेतला पाहिजे.

राँटजेन यांनी १८९५ साली हे किरण शोधले, तेव्हा त्यांचा धोका कोणालाच ठाऊक नव्हता. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली या किरणांवर काम करताना हात भाजून घेत राहिले. त्यांचे हात कापावे लागले आणि १९०४ साली त्यांचा मृत्यू झाला. अशा हुतात्म्यांचे स्मारक जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९३६ साली उभारले गेले; त्यावर आरंभी १६९ नावे कोरलेली होती. आजचे नियम त्या नावांच्या मोलाने आलेले आहेत.

आपल्या देशात हे नियम अणुऊर्जा नियामक मंडळ घालून देते. किरणांसोबत काम करणाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलीसिव्हर्ट ही मर्यादा आहे. तुलनेसाठी सांगतो, निसर्गातून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलीसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे काळजी घेऊन केलेल्या कामाला भिण्याचे कारण नाही. पण हे किरण दिसत नाहीत, भाजल्याचे कळत नाही, म्हणून निष्काळजीपणाही परवडणारा नाही. डोळ्यांच्या भिंगाला मोतीबिंदूचा धोका पूर्वी समजत होते त्याहून कमी मात्रेत संभवतो, असे दिसून आल्याने आंतरराष्ट्रीय आयोगाने २०११ साली डोळ्यांसाठीची शिफारस-मर्यादा वर्षाला १५० वरून सरासरी २० मिलीसिव्हर्टवर आणली.

सेवकांवर पडणारे किरण मुख्यतः रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले असतात. त्यांपासून वाचण्याची सूत्रे तीनच आहेत : वेळ, अंतर आणि आडोसा. पायाखालचे बटण गरजेपुरतेच दाबावे. एका मीटरवरून दोन मीटरवर सरकले, की मात्रा साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. किरणनळी टेबलाखाली ठेवावी, म्हणजे डोक्याकडे उसळणारे किरण कमी होतात. सीटी यंत्रात सुई घालताना छायाचित्र घेण्याच्या क्षणी खोलीबाहेर जावे. फुप्फुसाभोवतीचे पाणी आणि छातीच्या भिंतीला चिकटलेली गाठ सोनोग्राफीवर दिसू शकते. तेथे क्ष-किरण टाळता येतात.

आडोसा म्हणजे शिशाचा ॲप्रन, गळपट्टा आणि चष्मा. वैशाखात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा काही किलो वजनाचा ॲप्रन अंगावर चढविणे ही शिक्षाच वाटते. ‘दोनच मिनिटांचे काम आहे’ म्हणून तो खुंटीवर ठेवण्याचा मोह होतो. त्यामुळे थंड खोली आणि हलका ॲप्रन यांना चैन समजू नये. ॲप्रनची घडी घातली, की आतले शिसे चिरते आणि वरून काही दिसत नाही. तो रुंद खांबावर टांगावा, वर्षातून एकदा क्ष-किरणांखाली तपासावा.

छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा टीएलडी बिल्ला दर तीन महिन्यांनी मोजणीसाठी जातो. तो खोलीत विसरला, तर न मिळालेली मात्रा नोंदली जाते. घरी राहिला, तर मिळालेली मात्रा नोंदलीच जात नाही. एखादी परिचारिका गरोदर असल्यास तिने ते लगेच सांगावे आणि तिला वेगळे काम मिळावे. सांगितल्याने नोकरीवर गदा येणार नाही, हा विश्वास देणे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे.

नातेवाईकांना एक विनंती. आपल्या माणसाचा हात धरून आत थांबण्याची इच्छा आम्हांला समजते. तरीही बाहेर थांबा असे सांगितले, तर राग मानू नये. रुग्णाला धरण्यासाठी थांबणे अटळच असेल, तर ॲप्रन मागून घ्यावा. गरोदर स्त्रीने आणि लहान मुलांनी आत थांबू नये.

देणगीदारांना नम्रपणे सांगावेसे वाटते, की यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते; ॲप्रनवर, चष्म्यावर किंवा छताला टांगलेल्या शिसे-काचेच्या पडद्यावर ते शोभून दिसत नाही. म्हणूनच या वस्तू यादीत शेवटी राहतात. यापुढे यंत्रासाठी निधी जमेल, तेव्हा संरक्षणसाहित्य त्याच अंदाजपत्रकात धरावे, अशी विश्वस्त मंडळास विनंती आहे.

दुसऱ्याच्या श्वासासाठी डोळ्यांत तेल घालून उभे राहणाऱ्यांचे डोळे आपण जपू या.