घरचा संगणक आणि पाळत

मैत्रिणींनो, अमरावती-अकोल्याकडे बाया विचारतात, "ताई, म्या बहिणीले काय लिवलं थे यायले कसं मालूम होते?" तर संगणकात छुपा प्रोग्राम घालून दाबलेली प्रत्येक कळ नोंदवता येते. विंडोजमधल्या डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन साधारण १५ मिनिटांत होतं. पण सापडलेलं ते काढूनही टाकतं. पाळत ठेवणारा सावध होतो, पुरावाही जातो. म्हणून मारहाणीची भीती असेल तर आधी १८१ वर बोला, अनोळखी प्रोग्रामच्या यादीचे फोटो मैत्रिणीकडे ठेवा. पासवर्ड दुसऱ्या संगणकावरूनच बदला. मालकाच्या परवानगीवाचून असा प्रोग्राम घालणं २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने गुन्हा आहे. ३ वर्षांपर्यंत कैद. पण संगणक कोणाच्या नावावर? शेताचा, घराचा तोच प्रश्न इथेही! पावती आपल्या नावाची घ्या.