अर्धें गुंडाळलेलें शीड

वारा दुप्पट झाला म्हणजे शिडावरील त्याचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. १५ नॉटांचें वारें ३० नॉटांवर गेलें कीं नौका एका कुशीवर कलूं लागते, आणि शीड कमी करणें भाग पडतें. पूर्वीं त्यासाठीं खलाशाला उसळत्या नाळेवर जावें लागे. कित्येकांनीं तेथेंच प्राण गमावले. हल्लीं मागें बसून एक दोर ओढला कीं पुढचें शीड आपल्या तणाव्याभोंवतीं गुंडाळलें जातें.

परंतु ही सोय निर्दोष नाहीं. अर्धें गुंडाळलेल्या शिडाला पोट सुटतें, त्याची पुढची कड जाड होते, आणि नौका वाऱ्याच्या रोखानें चढण्याऐवजीं आडवी ढकलली जाते. म्हणून जाणता नाविक शिडाच्या दोराची कप्पी पुढें सरकवतो; त्यानें शिडाचा ताण कांहींसा सांवरतो. तशांत हें सारें एका बारीक दोराच्या भरंवशावर असतें. तो तुटला कीं भर तुफानांत पूर्ण शीड क्षणांत उघडतें.

यास्तव वादळासाठीं राखलेलें लहान, जाड शीड वारा वाढण्यापूर्वींच चढवावें. उशीर झाल्यास तें काम पुन्हा त्याच उसळत्या नाळेवर जाऊन करावें लागतें.