कळणें आणि वळणें



“कळतें पण वळत नाहीं” ही कबुली आपण सर्वच देतों. परंतु “वळतें पण कळत नाहीं” असें म्हणणारा मनुष्य क्वचित् भेटतो. मला असें एक माणूस कोर्लईस भेटलें.

रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, किल्ल्याच्या पायथ्याशीं हें गांव आहे. १७४० सालीं चौलचा मुलूख पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, पण ख्रिस्ती वस्ती राहिली आणि पोर्तुगीजपासून घडलेली तिची निराळी बोलीहि राहिली. उपासना मात्र लॅटिनमध्यें चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें (१९६२-६५) लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, तेव्हां कोठें मराठी शब्द वेदीपर्यंत पोंचले. मी नवा शिक्षक असतांना तेथील एका वृद्ध बाईंना विचारलें होतें, “आजी, त्या लॅटिन प्रार्थनेंतलें कांहीं समजत असे काय?”

त्या म्हणाल्या, “शब्द नाय कळायचे, गुरुजी. पण शेजारणीशी भांडून तसंच देवळात जायचं नाय, एवढं कळायचं.”

मला तेव्हां त्या उत्तराची थोडी कींवच आली होती.

कारण माझ्या डोक्यांत पंडिता रमाबाई होत्या. शास्त्रार्थांत वाढलेली ही विदुषी २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेते, आणि लगेच आपल्या धर्मगुरूंना प्रश्न विचारूं लागते! त्रैक्याचा सिद्धान्त बायबलांत मला स्पष्ट दिसत नाहीं, मग तो मीं केवळ चर्च सांगतें म्हणून कां मानावा? सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमानें ‘आजीबाई’ म्हणत. त्यांचें म्हणणें असें कीं, आधीं आज्ञा पाळ, समज मागाहून येईल. रमाबाईंचें उत्तर, माझ्या शब्दांत, असें होतें कीं, एका पुरोहितवर्गाचें जोखड मोठ्या कष्टानें उतरविलें तें दुसऱ्याचें मानेवर घेण्यासाठीं नव्हे. देवानें मला सदसद्विवेकबुद्धि दिली आहे. क्रूसावरील लॅटिन अक्षरांवरूनहि वाद झाला. लॅटिन ही संस्कृताहून अधिक पवित्र कशावरून, अशी त्यांची पृच्छा. हा प्रश्न मला फार आवडतो. कोर्लईच्या आजींना तो विचारण्याचें धैर्य कोणीं दिलें असतें?

आजीबाईंची बाजूहि अगदींच टाकाऊ नव्हती, हें कबूल केलें पाहिजे. ‘ऋण गुणिले ऋण म्हणजे धन’ हें मीं वर्षानुवर्षें सातवीच्या मुलांकडून आधीं घोटून घेतलें, कारण मागाहून सांगितलें; कित्येकांना तें सांगावयाचें राहूनच गेलें, आणि त्यांचीं उदाहरणें तरीहि बरोबर येत.

परंतु रमाबाई अडल्या कोठें आणि अडल्या नाहींत कोठें, हें नीट पाहावें. १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत अनाथ मुली अन्नान्न करीत होत्या. तेथें त्यांनीं कोणाला अर्थ विचारला नाहीं. त्या गेल्या आणि सुमारें तीनशें मुली घेऊन आल्या. केडगांवचें मुक्तिसदन वाढलें तें त्यांतून. चर्चचीं बरींच मतेंहि पुढें त्यांनीं मान्य केलीं, पण स्वतः शोधून, स्वतःच्या वेळीं. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनीं सबंध बायबल मराठींत आणलें, तें साध्या बायकांना समजेल अशा भाषेंत. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

येशूच्या दृष्टान्तांत दोन मुलगे आहेत. बापानें मळ्यांत जा म्हटल्यावर एक ‘नाहीं’ म्हणतो, पण पस्तावून जातो. दुसरा ‘जातों’ म्हणतो आणि जात नाहीं. रमाबाई या पहिल्या मुलाच्या जातीच्या. मी कोणाच्या, हें सांगण्यास संकोच वाटतो.

मी ख्रिस्ती नाहीं. परंतु निवृत्तीनंतर शुभवर्तमानें दोनदां वाचलीं. त्यांतील गूढ भागांनीं माझी झोंप कधीं उडविली नाहीं. उडविली ती एका अत्यंत सोप्या गोष्टीनें: भावाच्या मनांत तुझ्याविषयीं कांहीं असेल, तर नैवेद्य तसाच ठेवून आधीं त्याच्याकडे जा. तिसरींतल्या मुलालाहि हें समजेल. वडिलोपार्जित वाडीच्या हद्दीवरून, चार पोफळींसाठीं, माझ्या धाकट्या भावाशीं माझें सात वर्षें बोलणें नाहीं. कोर्लईच्या आजींनीं हेंच वाक्य लॅटिनमध्यें ऐकलें असेल, आणि न कळतां पाळलें.

भावाचें घर माझ्या ओटीवरून दिसतें. गेल्या आठवड्यांत संध्याकाळीं कुंपणापर्यंत गेलों होतों. त्याच्याकडे दिवा लागलेला होता. थोडा वेळ उभा राहिलों आणि परत आलों.